सोफ्यामागची शू

‘डॉक्टर, हा मुद्दाम करतो.’ ठाण्यातल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य ऐकू येतं तेव्हा बोलणाऱ्याच्या मांडीवर बहुतेक वेळा चार-पाच किलोंचं कुत्रं बसलेलं असतं. शिह त्झू, पॉमेरियन, पग, डॅशहुंड. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डवाल्यांकडून ही तक्रार क्वचितच येते. मोठ्या जाती जास्त हुशार असतात, असा अर्थ लोक यातून काढतात. तो चुकीचा आहे. लॅब्रॅडॉरच्या पिल्लाने हॉलमध्ये शू केली की ती लगेच दिसते आणि घर त्याच दिवशी जागं होतं. शिह त्झूची शू चहाच्या बशीत मावेल एवढी. ती सोफ्यामागे, पडद्याखाली किंवा पलंगाच्या पायाशी होते, वाळते आणि कुणाला कळतही नाही. कळतं तोवर पिल्लू सहा महिन्यांचं झालेलं असतं आणि सोफ्यामागची जागा त्याच्या लेखी पक्की ठरलेली असते.

त्यात लहान कुत्र्याचं मूत्राशयही लहान असतं. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवून येतील तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं, असा ढोबळ हिशोब आम्ही सांगतो. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तीन तास, आणि तेही झोपेत. जागं असताना, खेळताना त्याला तासा-दीड तासाने जावंच लागतं. मूत्रमार्गाच्या स्नायूंवर पुरता ताबा यायला चार महिने उलटतात, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा आठवडाभरापूर्वी घरी आणलेल्या पिल्लाला ‘अजून शिकत नाही’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

स्वच्छतेची ओढ मात्र त्याच्यात उपजत असते. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे आई चाटते तेव्हाच पिल्लाला शू होते आणि ती सगळं स्वतः साफ करते. चालायला लागलं की पिल्लू आपण होऊन झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन शू करू लागतं. साधारण नवव्या आठवड्यापर्यंत कुठल्या पृष्ठभागावर शू करायची, याची आवडही ठरत जाते: माती, गवत, कागद, लादी. ज्या पिल्लांना ते सगळे दिवस तारेच्या पिंजऱ्यात स्वतःच्या घाणीत काढावे लागतात, त्यांची ही ओढच बोथट होते. म्हणून पिल्लू घेण्याआधी ते कुठे वाढलंय ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, असा माझा आग्रह असतो. ती जागा दाखवायला जो तयार नसतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये आणखी एक पेच असतो. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसींचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर रस्त्याकडेला, जिथे इतर कुत्री येतात-जातात तिथे, पिल्लाला खाली सोडू नका असं आम्हीच बजावतो. मग सातव्या मजल्यावरच्या पिल्लाने जायचं कुठे? बाल्कनीत. कडा असलेला प्लास्टिकचा मोठा ट्रे आणा, त्यात नर्सरीतून आणलेला लॉनचा तुकडा किंवा कृत्रिम गवताची चटई ठेवा. कुत्र्यांसाठी मिळणारे शोषक पॅडही चालतात, पण पॅडवर शिकलेल्या पिल्लाला बाथरूमबाहेरचं पायपुसणं आणि पॅड यांतला फरक कळत नाही. दोन्ही मऊ, दोन्ही पाणी शोषणारी. त्यामुळे शिकवणीच्या काळात घरातली पायपुसणी, सतरंज्या, गालिचे सरळ गुंडाळून माळ्यावर टाका. वर्तमानपत्रावर शिकवलं तर जमिनीवर पसरलेली रविवारची पुरवणीही त्याला आपलीच वाटणार.

बटर नावाच्या एका शिह त्झूचं उदाहरण सांगते, कारण शिकवणीतलं सगळं त्यात आहे. घरात आई, बाबा, शाळकरी मुलगा आणि आजी. बटर देवघरासमोर शू करायचा. आजींचं सोवळं कडक, त्यामुळे घरात रोज भांडण. त्यांना पिल्लू परत द्यायचं होतं, नातवाच्या डोळ्यांत पाणी. मी आजींनाच म्हटलं, ‘दिवसभर घरात तुम्हीच असता, तर याला तुम्हीच शिकवा.’ त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशोब लिहीत, तिथे बटरच्या शूच्या वेळा लिहायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत त्यांनीच मला सांगितलं, ‘अहो, सकाळी हा चुकत नाहीच. घोळ होतो तो चार ते सहाच्या मधे.’ दुपारी एकला जेवण झालं की घर झोपायचं. चारला मुलगा शाळेतून यायचा, दंगा व्हायचा, आणि एकपासून तुंबलेला बटर बाल्कनीच्या बंद दारापर्यंत जाऊन परत फिरायचा. देवघर त्या दाराला लागूनच होतं.

उपाय त्या नोंदींतच होता. झोपून उठल्यावर, खाऊन झाल्यावर पाव ते अर्ध्या तासात, खेळ थांबल्याबरोबर आणि रात्री निजण्याआधी: या वेळांना पिल्लाला उचलून ट्रेवर न्यायचंच, त्याने मागितलं असो वा नसो. त्या घरी बाबा ‘शू शू’ म्हणत, मुलगा ‘गो पॉटी’, आजी ‘चल बाळा’. सगळ्यांनी एकच शब्द ठरवला. शू सुरू झाली की तो शब्द हळू आवाजात, आणि संपल्यावर तिथल्या तिथे, दोन-तीन सेकंदांत खाऊ. घरात येऊन डबा उघडून दिलेला खाऊ म्हणजे घरात आल्याचं बक्षीस, शू केल्याचं नव्हे. शाकाहारी घरात नखाएवढा पनीरचा किंवा उकडलेल्या रताळ्याचा तुकडा पुरतो. (मनुका कधीही देऊ नका. कुत्र्याच्या मूत्रपिंडांना त्या घातक असतात.) मधल्या वेळात पिल्लू नजरेआड होता कामा नये. पट्टा आपल्या कमरेला बांधा, नाहीतर त्याला ऐसपैस उभं राहता, वळता, पसरता येईल अशा कुंपणात ठेवा. त्यात दिवसभर कोंडून मात्र ठेवू नका.

बटर शिकला. आता तो आजींच्या पायाशी बसून त्यांचा जप ऐकतो, आणि मला त्या आजींचा फार अभिमान वाटतो.

मारण्याबद्दल मी स्पष्टच बोलते. शूमध्ये नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी मारणं हे आजही सर्रास चालतं आणि त्याने नुकसानच होतं. कुत्रं त्यातून एवढंच शिकतं की या माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते पलंगाखाली जाऊन करतं आणि बाहेर नेल्यावर, पट्ट्याचं टोक तुमच्या हातात असताना, करतच नाही. ‘पण त्याला कळतं, बघा कसा अपराधी चेहरा करतो,’ असं लोक म्हणतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने 2009 साली हे तपासलं. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही, याचा त्या चेहऱ्याशी संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसायचा, काही न केलेल्या कुत्र्याचाही. तो चेहरा भीतीचा असतो.

आता पुसण्याचं. शिकवणी चांगली चालू असताना ती इथेच फसते. कुत्र्याच्या नाकात वासाचे ग्राहक आपल्या कित्येक पटींनी जास्त असतात. आपल्याला स्वच्छ वाटलेली लादी त्याला ‘इथेच करायची’ असं सांगत राहते. फिनेलने तो वास जात नाही, वर दुसरा वास फक्त चढतो. शिवाय काळ्या फिनेलमधली रसायनं पावलांना लागतात आणि कुत्रं पावलं चाटतं. अमोनिया असलेली क्लीनर तर नकोतच, मूत्राला तोच वास असतो. आणि एका बादलीत बुडवलेला पोछा सगळ्या घरावरून फिरला की सोफ्यामागची शू स्वयंपाकघरापर्यंत पोचते. आधी जुन्या सुती फडक्याने टिपून घ्या, ते फडकं वेगळं ठेवा, पाण्याने पुसा, मग एन्झाइमचं क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलं असेल तितका वेळ ओलं राहू द्या. एन्झाइम वास येणारे पदार्थच तोडतात. व्हिनेगरचा सल्ला सगळेच देतात, पण संगमरवर आणि शहाबादी फरशी आम्लाने खराब होते. जुने डाग शोधायला अतिनील टॉर्च मिळते. अंधारात तिच्या उजेडात वाळलेली शू चमकते.

सगळीच शू न शिकल्यामुळे होत नाही. वयात आलेला नर सोफ्याच्या कोपऱ्यावर, दाराच्या चौकटीवर पाय वर करून थोडीशी सोडतो, तेव्हा तो आपली खूण ठेवत असतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली दाखवलं की लहान चणीचे नर पाय जास्त तिरका उचलतात आणि स्वतःच्या उंचीच्या मानाने खूण वरच्या जागी उमटवतात. नसबंदीने बऱ्याच नरांमध्ये हे कमी होतं, सगळ्यांमध्ये नाही. पाहुणे आले की पायाशी लोळण घेत थेंब थेंब सोडणारं पिल्लू वेगळं. उंच माणूस वरून वाकून ‘ये ये’ करतो तेव्हा दोन किलोंच्या जिवाला दडपण येतं. पाहुण्यांना सांगा, आधी दुर्लक्ष करा, मग जमिनीवर बाजूला तोंड करून बसा, त्याला येऊ द्या. रागावलात तर ही शू वाढते.

पावसाळ्यात शिकलेलं कुत्रंही बिघडतं. डॅशहुंडचं पोट ओल्या गवताला टेकतं, वर पाऊस, मग ते पायरीवरूनच मागे फिरतं. जुलै-ऑगस्टपुरता बाल्कनीतला ट्रे परत काढा. कोरड्या दिवसांत आणखी एक पथ्य पाळा: शू झाली रे झाली की लगेच वर आणू नका. तसं केलंत तर फिरणं लांबवण्यासाठी ते शू धरून ठेवायला शिकतं. पाच मिनिटं हिंडू द्या. बरोबर पाण्याची बाटली न्या आणि पार्किंगच्या खांबावर झालेली शू तिथल्या तिथे धुवा. पाळीव कुत्र्यांवर किंवा त्यांच्या लिफ्ट वापरण्यावर सोसायट्यांनी बंदी घालू नये, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 सालीच कळवलंय. तरी वॉचमनला खांब धुवावा लागला की शेजारी कुत्र्याविरुद्ध जातात, आणि ते रास्तच आहे.

माझी खरी काळजी शेवटच्या गोष्टीबद्दल आहे. वर्षानुवर्षं न चुकणारं कुत्रं एकाएकी घरात शू करू लागलं, तर ते सवयीचं बिघडणं समजू नका. एक पॉमेरियन मादी कित्येक आठवडे ओरडा खाऊन माझ्याकडे आली. एक्स-रेत मूत्राशयात खडे दिसले. शिह त्झू, ल्हासा, पॉमेरियन यांच्यात असे खडे नेहमी आढळतात. माद्यांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्गही लवकर होतो. नसबंदी झालेल्या मादीची झोपेत गादी ओली होत असेल, तर त्यावर औषध आहे. पाणी अचानक जास्त पीत असेल तर मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, कुशिंग नावाचा संप्रेरकांचा आजार यांचा विचार करावा लागतो. खाजेसाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही तहान वाढते. शू कमी व्हावी म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून असं करू नका, आजारी जिवाला त्याने धोका होतो. म्हातारी कुत्री कधी कधी वाट विसरतात, त्यांना तरुणपणीच्या हिशोबाने मोजू नये. आणि नर जोर करतोय पण थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

इतर वेळी येताना सकाळची पहिली शू घेऊन या. बुटक्या कुत्र्याखाली वाटी जात नाही, म्हणून धुऊन कोरडं केलेलं बरणीचं पसरट झाकण किंवा लांब दांड्याची पळी मागून हळूच सरकवा. मधल्या धारेचे दोन-तीन चमचे पुरतात. स्वच्छ, झाकणाच्या बाटलीत भरा, तासाभरात आणता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, आणि बाटलीवर वेळ लिहा.