प्रतिस्पर्धी : वैरी कीं सोबती?

बीड जिल्ह्यांतील नेकनूरचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. तेथें बैल विकणारा शेजारच्या बैलवाल्यास हुसकून लावीत नाहीं. कारण दावणी पुष्कळ असतात म्हणूनच गिऱ्हाईक लांबून येतें. एकट्या दावणीसाठीं कोण येणार?

१९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांपुढें परदेशी नांगराहून बिकट अडचण होती ती ‘लोखंडानें जमीन नासते’ या समजुतीची. अशी समजूत मोडावयाची तर लोखंडी नांगर विकणारे चारजण असलेलेच बरे.

तेव्हां प्रतिस्पर्ध्याचा माल निरखावा, त्याचे गुण घ्यावे; मात्र भाव पाडून त्याला बुडविण्याच्या नादीं लागूं नये. शेजारची दावण रिकामी झाली कीं आपल्याकडे येणारी वाटहि ओस पडते.