पोटगीच्या हुकमाला राज्याची वेस नसते

छत्रपती संभाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातून मुलाच्या खावटीचा हुकूम हाती पडावा आणि महिनाभरात मुलाच्या बापाने वाळूजची नोकरी सोडून सुरत गाठावी, असं झालं की बाईला घरोघर एकच सल्ला मिळतो: ‘आता विसर ते पैसे. गुजरातेत महाराष्ट्राचा कागद कोण विचारतो?’ सल्ला देणारा मामा असतो, शेजारी असतो, कधी कोर्टाच्या आवारातला एखादा जाणकारही असतो. सल्ला मात्र चुकीचा असतो, आणि तोही गेली सव्वाशे वर्षं.

कारण १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच याची सोय होती. १९७३च्या संहितेत ती कलम १२८ झाली आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १४७ आहे. ज्याच्याविरुद्ध हुकूम झाला तो माणूस जिथे असेल, तिथला कोणताही दंडाधिकारी हुकमाची अंमलबजावणी करू शकतो. त्याने दोन गोष्टींची खात्री करायची: माणूस तोच आहे ना, आणि रक्कम खरोखर थकली आहे ना. पोटगी द्यायची की नाही आणि किती, हा वाद सुरतेत नव्याने उकरून काढायचा नसतो. हुकमाची प्रत बाईला विनामूल्य द्यायची, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे.

मग अडतं कुठे? पत्त्यावर. संभाजीनगरच्या न्यायालयाने काढलेलं वॉरंट दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्यात पोचतं आणि ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येतं. जप्ती करायची तर मालमत्ता ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्याचं पृष्ठांकन लागतं. तो कागद कोणत्या टेबलावर थांबला आहे याचा पाठपुरावा करायचा कोणी? बाईनेच. अमेरिकेत मुलांच्या पोटगीसाठी प्रत्येक राज्यात सरकारी यंत्रणा आहे. १९९६च्या केंद्रीय कायद्याने एका राज्याचा हुकूम दुसऱ्या राज्यात चालवण्याचा समान कायदा सगळ्या राज्यांना स्वीकारायला लावला आणि थकबाकी अडीच हजार डॉलरच्या वर गेली की पासपोर्टही अडतो. आपल्याकडे कायदा तेवढाच लांब हात असलेला आहे. तो हात हलवायला नेमलेलं माणूस नाही. म्हणून कंपनीचं नाव, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, बँक खात्याचा तपशील, गाडीचा नंबर, फोटो, आधारची झेरॉक्स यांतलं जे घरात सापडेल ते जपून ठेवलेलं बरं. दंडाधिकाऱ्याला पटवायची असते ती ओळखच, आणि ती अशा कागदांनी पटते.

मूळ दावा लावण्यासाठीही बापामागे धावावं लागत नाही. पत्नी जिथे राहते तिथे तो दाखल करता येतो. तिने माहेरी, म्हणजे संभाजीनगरात, मुक्काम केला असेल तर इथेच. नव्या संहितेने यात आणखी एक भर घातली: म्हातारे आईवडीलही आता स्वतःच्या गावी बसून परगावच्या मुलाविरुद्ध अर्ज करू शकतात.

‘नोटीस घेतलीच नाही तर खटला पुढे कसा सरकेल?’ ही एक आवडती समजूत. सरकतो. तो मुद्दाम नोटीस टाळतोय अशी न्यायालयाची खात्री झाली की प्रकरण एकतर्फी चालतं. असा हुकूम रद्द करून घ्यायचा तर तीन महिन्यांत योग्य कारण घेऊन त्यालाच यावं लागतं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज तुरुंगाचा आहे. ‘महिनाभर आत बसून आला, हिशेब मिटला’ असं गावगप्पांत ठामपणे सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्येच, कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या निकालात, ते खोडून काढलं: कैद हा वसुलीसाठी दबाव आणण्याचा मार्ग आहे, तिने देणं फिटत नाही. २०१३च्या पूनगोडी विरुद्ध थंगवेल निकालात तेच पुन्हा सांगितलं गेलं. माणूस सुटून आला तरी रुपयान् रुपया उभाच असतो. मात्र इथे एक खाचही आहे. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर फौजदारी मार्गाने वॉरंट निघत नाही. ‘येईल, देईल’ म्हणत दोन वर्षं वाट पाहणाऱ्या बायका इथे फसतात. अर्ज वेळेत दाखल असेल, तर पुढे थकत जाणाऱ्या महिन्यांचे पैसेही त्याच अर्जात मागता येतात.

या सगळ्याला वळण देणारा निकाल नागपूरच्या एका प्रकरणातून आला. तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने ऑगस्ट २०१५मध्ये पत्नीला महिना १५ हजार आणि लहान मुलाला आधी ५ हजार, पुढे १० हजार रुपये मंजूर केले, तेही सप्टेंबर २०१३पासून. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८मध्ये हुकूम कायम केला, तरी नवरा दिल्लीपर्यंत गेला. ४ नोव्हेंबर २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. पोटगी निकालाच्या नव्हे, अर्जाच्या तारखेपासून धरायची. हुकमाची वसुली दिवाणी पैशांच्या हुकूमनाम्यासारखीही करता यायला हवी. शेवटचा मुद्दा बारीक वाटतो, पण दिवाणी प्रक्रिया संहितेत पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगारातला फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित आहे. उरलेल्या दोन तृतीयांशावर टाच येऊ शकते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तर दंडाधिकारी थेट कंपनीला सांगू शकतो की पगारातली अमुक रक्कम परस्पर बाईला द्या. कंपनी वाळूजची आहे की बंगळूरची, याने फरक पडत नाही.

‘मग मी नोकरीच सोडतो’ म्हणणाऱ्यांसाठी २०२२चा अंजू गर्ग निकाल आहे. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायकोमुलांचं पोषण केलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं. ‘पोरगं भेटू देत नाही, म्हणून पैसे बंद’ हाही बचाव टिकत नाही. भेटीचा हक्क वेगळ्या अर्जाने मागायचा असतो. आईबापांचं भांडण मुलाच्या ताटापर्यंत न्यायची मुभा कायदा देत नाही. आईवडिलांचं लग्न झालेलं नसलं तरी अज्ञान मुलाला पोटगी मिळते, हे ऐकून अनेक जण आजही दचकतात.

फौजेतल्या माणसाची गोष्ट निराळी. सेना कायदा सैनिकाच्या पगाराला दिवाणी न्यायालयाच्या जप्तीपासून संरक्षण देतो, पण बायकोमुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपात करण्याचे अधिकार सैन्याकडेच आहेत. तिथे अर्ज लष्करी अधिकाऱ्यांकडे करायचा.

राज्याची वेस ओलांडणं तुलनेने सोपं. देशाची खरोखर अवघड. मुलांच्या पोटगीच्या आंतरराष्ट्रीय वसुलीसाठी २००७मध्ये हेग इथे झालेल्या करारात भारत सामील नाही. त्यामुळे न्यू जर्सीतल्या अभियंत्याविरुद्धचा इथला हुकूम तिथे आपोआप चालत नाही. बहुधा तिथल्या न्यायालयातच दाद मागावी लागते. त्याची इथली शेती किंवा फ्लॅट असेल तर वसुली आधी त्यावरच शोधावी.

वकिलाच्या फीचा धसका घेऊन सुरतेला जायचंच टाळणाऱ्या बाईने एवढं विचारून घ्यावं: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठीचं जिल्हा प्राधिकरण संभाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे, तसं सुरतेतही आहे.