काठ धरण्याची विद्या

मे महिन्यात उजनीचा काठ कालच्या जागेवर नसतो. पहाटे साडेपाचला कुंभारगावच्या बाजूने पाण्याकडे निघालं की आठवड्यापूर्वी जिथे होडीत पाय टाकला होता, तिथे आता भेगाळलेला गाळ असतो आणि होडी त्याच्याही पुढे, शंभरेक पावलांवर. होडीवाला आधीच पोचलेला असतो. रात्री टाकलेली जाळी उचलून आणलेली असतात, चिलापी क्रेटमध्ये भरलेली असते आणि आता त्याच होडीवर फळी टाकून, सतरंजी अंथरून तो पुण्याहून आलेल्या कुटुंबाची वाट पाहत असतो. होडी एकच. पहाटे ती मासळीची, सूर्य वर आल्यावर पाहुण्यांची.

भीमेवरचं हे धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. यशवंतसागर हे जलाशयाचं कागदावरचं नाव. बोलताना सगळे उजनीच म्हणतात. पूर्ण भरलं की ११७ टीएमसी पाणी आणि त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठ्यात. म्हणून ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य सोलापूरकरांना नवं नाही. उपयुक्त पाणी संपलं की पुढचा हिशेब उणे टक्क्यांत चालतो. २०२४च्या उन्हाळ्यात तो उणे साठच्या जवळ गेला होता. शेतकऱ्याची मोटर आणि पाइप पाण्यामागे धावतात, तशी होडीही धावते.

पाणी ओसरलं की खालचं जग वर येतं. जुन्या पळसदेवच्या देवळाचं शिखर आधी दिसतं, मग मंडप, मग पायऱ्या. डिकसळजवळ जुन्या रेल्वे पुलाचे दगडी खांब उघडे पडतात. १८५८च्या डिसेंबरात पुण्याहून निघालेली रेल्वे पहिल्यांदा याच डिकसळपर्यंत आली होती. पाहुण्यांसाठी ही मौज असते. होडीवाल्यासाठी ही जोखीम आहे, कारण पूर्ण वर आलेलं देऊळ होडीचा तळ फाडत नाही. तळ फाडतं ते वीतभर पाण्याखाली राहिलेलं बाभळीचं खोड, पडक्या घराची भिंत, विहिरीचा कठडा. मी ज्या होडीत बसलो होतो ती मोकळ्या पाण्यात अचानक डावीकडे वळली. मी कारण विचारलं, तर होडीवाले मामा म्हणाले, “हितं विहीर हाय. आमच्या चुलत्यांची.” त्यांचं वय पाहता ती विहीर त्यांनी कोरडी कधी पाहिली नसणार. वडिलांनी दाखवलेली, वडिलांना आजोबांनी. नकाशाच्या कागदावर निळा रंग भरला तेव्हा गावं पुसली गेली. होडीवाल्यांच्या डोक्यात ती अजून जागच्या जागी आहेत, बांधासकट. धरणाने उठवलेल्या माणसांच्या वाट्याला याच पाण्यावरचा रोजगार आला आणि बुडालेल्या गावाची आठवण त्यांच्या धंद्याचं हत्यार झाली, हे मला त्या वळणावर कळलं.

जाळ्यात सगळ्यात जास्त लागते ती चिलापी. जुने लोक कटला, रोहू, वांब, मरळ यांची नावं घेतात; मिळतातही, पण भिगवणच्या खानावळींच्या तव्यावर राज्य चिलापीचंच. ही जात मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२मध्ये आणलेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते आणि पाणी कसंही असलं तरी तग धरते. परक्या जाती आल्यावर देशी माशांचं काय होतं, हा अभ्यासकांचा प्रश्न. उजनीच्या काठावर मात्र प्रश्न साधा असतो: आज क्रेट किती भरले?

पाहुणे येतात ते मुख्यतः पक्ष्यांसाठी. हिवाळ्यात पट्टकदंब असतात; रोहित हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दिसतात आणि पाणी उतरलं की उथळ गाळात त्यांची पंगत बसते. मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलं पक्ष्यांची नावं मराठीत, इंग्रजीत सांगतात. होडी किती जवळ न्यायची, इंजिन कधी बंद करून बांबू टेकवत जायचं, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला जमत नाही. पण या धंद्याची खरी परीक्षा पक्षी दाखवण्यात नाही. ती दुपारनंतर, आभाळाकडे पाहण्यात आहे.

मे महिन्यातली उजनीची सकाळ फसवी शांत असते. पाणी ताटात ओतल्यासारखं. जमीन तापत जाते, दुपारी चाळिशी ओलांडते, तापलेली हवा वर चढते आणि तिच्यात पुरेशी वाफ असली तर तीन-चारच्या सुमाराला क्षितिजावर ढगाचा कोंब फुटतो. तासाभरात त्याचा डोंगर होतो. त्यातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतो, सुकताना हवा गार करतो, गार हवा जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. हाच तो वळवाचा वारा. म्हणूनच वारा पावसाच्या आधी येतो आणि ढग अजून लांब आहे असं वाटत असतानाच येऊन थडकतो. ओला थेंबही न पडता होडी उलटू शकते.

शेतात हा वारा केळी आडवी करतो. मोकळ्या पाण्यावर त्याला अडवायला केळीसुद्धा नसते. वाऱ्याला धावायला जितकं पाणी मिळेल तितकी लाट मोठी. आणि उथळ पाण्यात ती लांब, संथ होत नाही, आखूड आणि उभी होते, एकीच्या पाठोपाठ दुसरी. उजनीवरच्या होड्या बसक्या, सपाट तळाच्या आणि कमी उंचीच्या काठाच्या; जाळी ओढायला हेच सोयीचं. वादळात मात्र पाणी याच काठावरून आत येतं. आत आलेलं पाणी एका बाजूला जातं, घाबरलेली माणसं दुसऱ्या बाजूला उठून धावतात आणि पुढचं सगळं काही क्षणांत होतं.

२१ मे २०२४च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली होडी अशाच वाऱ्यात सापडली. होडीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. ही माणसं सहलीला निघाली नव्हती. रस्त्याने केवढा तरी वळसा, पाण्यावरून समोरचं गाव. काठच्या गावांना होडी ही एसटीसारखीच. शिरसोडी आणि कुगावला जोडणारा पूल तिथे होतो आहे. तो आधी झाला असता तर, हा विचार मनातून जात नाही.

मोठ्या तळ्यांवर हे सगळीकडे घडलेलं आहे. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात १९६६मध्ये कोहो सामन सोडला गेला. पुढच्याच वर्षी तो एवढा मिळू लागला की हौशी लोक लहानसहान होड्या घेऊन लोटले. २३ सप्टेंबर १९६७ रोजी वादळाचा इशारा लावलेला असतानाही शेकडो होड्या पाण्यावर होत्या. सात जण बुडाले. आज तिथे पैसे घेऊन लोकांना मासेमारीला नेणाऱ्या कप्तानाला तटरक्षक दलाचा परवाना लागतो. आपल्याकडेही १९१७चा जुना कायदा जाऊन २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधनं हे सगळं त्यात आहे. ते प्रत्येक घाटावर पोचलं पाहिजे. जॅकेट होडीच्या टोकाला ढिगात पडलेलं असून चालत नाही. बंद बांधूनच होडीत पाय टाकायचा, उकाडा कितीही असो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आसपास कोसळणाऱ्या विजांची सूचना देतं. वीज आणि हा वारा एकाच ढगाच्या पोटातले, म्हणून ते प्रत्येक होडीवाल्याच्या फोनमध्ये असायला हवं.

तरीही शेवटचा निर्णय माणूसच घेतो. मामा काय पाहतात ते मी त्यांना विचारत गेलो. समोरच्या काठावर धुळीची भिंत उठली का. सुरय आणि बगळे एका दिशेने निघाले का. वाहता वारा एकदम पडला का. लांबवर पाण्याचा रंग काळपट होऊन तो पट्टा पुढे सरकतोय का. तो दिसला तर वेळ फार थोडा उरलेला असतो. “मग आपला घाट बघायचा न्हाई. जो काठ जवळ, तो आपला.” गाडी कुठे लावली आहे, जेवण कुठे सांगितलं आहे, हे तेव्हा विसरायचं. जाळी पाण्यात असली तर पाण्यात राहू द्यायची. लाटेला नाक द्यायचं, कूस नाही. माणसांना खाली, तळावर बसवायचं.

हे सगळं त्यांना येतं. अडचण त्यांच्या बाजूने कमी आणि आपल्या बाजूने जास्त आहे. होडी ठरवणारा माणूस दोनशे किलोमीटरवरून आलेला असतो, त्याला रोहितांचा थवा उडतानाचा फोटो हवा असतो आणि दिलेल्या पैशात तास पूर्ण हवा असतो. हंगामात रोज कुणीतरी ‘अजून दहा मिनिटं’ म्हणतंच. ज्याचं घर या हंगामावर चालतं त्याला ती दहा मिनिटं नाकारणं सोपं नाही. अर्ध्यातून परतलं तरी पूर्ण भाडं, असा नियम घाटाघाटावर पाटी लावून केला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. परतण्याचे पैसे मिळाले तरच माणूस वेळेवर परतेल.

आमच्या होडीत त्या दिवशी असंच झालं. थवा शे-दीडशे हातांवर होता, सगळ्यांचे कॅमेरे वर होते आणि मामांनी होडी फिरवली. “मामा, जरा थांबा ना, ढग तर केवढा लांब आहे,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. मामांनी उत्तर दिलं नाही. इंजिन सुरू केलं आणि सरळ काठ धरला. आम्ही चहाच्या टपरीत बसून तासभर आभाळ पाहत राहिलो. ढग बाजूने सरकून गेला. वारा आला नाही, पाऊस आला नाही, पाणी ताटासारखंच राहिलं. दोघंतिघं कुरकुरत गाडीकडे गेले. भाडं देताना मी मामांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ना ओशाळलेपण होतं, ना समजूत घालण्याची घाई. ते होडीतली सतरंजी झटकून घडी करत होते. ऊन उतरल्यावर फळी काढली, जाळी आत टाकली आणि पुन्हा एकदा, बराच वेळ, पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत आभाळ पाहिलं. मग गाळात उतरून होडी पाण्याकडे ढकलली.