गाय गाभण आहे का? वारेला विचारा

आमच्या तिसगावला (ता. पाथर्डी) गाय भरवली की घरात एकच प्रश्न असतो: राहिली का? एकविसाव्या दिवसाच्या आसपास माजावर आली तर उलटली. नाही आली तर आई म्हणते राहिली, आणि दादा म्हणतो, थांब, डॉक्टरांना हात घालून बघू दे. दोन वर्षांपूर्वी एक संकरित गाय आम्ही अशीच गाभण धरून तीन महिने सांभाळली. तपासली तर पोट रिकामं! मुका माज नजरेतून सुटला होता. पुढचं वेत तीन महिने लांबलं. वडील तो हिशोब अजून काढतात.

मग मी वाचायला बसलो. रक्तातून हे लवकर कळेल का?

पहिलं नाव डोक्यात येतं प्रोजेस्टेरॉनचं. पण ते बनतं गायीच्या बीजकोशात, आणि गाभण नसलेल्या गायीतही माजाच्या चक्रात ते वाढतंच. एकविसाव्या दिवशी ते कमी असेल तर गाय गाभण नाही, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. जास्त असेल तर मात्र गाभण आहेच असं नाही. खूण हवी ती गर्भाकडूनच आलेली.

इथे वार कामाला येते. वारेचा गर्भाकडचा भाग गर्भाच्याच पेशींचा असतो. त्यातल्या काही पेशींत दोन-दोन केंद्रकं असतात. या पेशी सरकत जाऊन गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशींशी एकजीव होतात आणि आपल्याकडची प्रोटीन्स आईच्या बाजूला सोडतात. त्यांना म्हणतात प्रेग्नन्सी असोसिएटेड ग्लायकोप्रोटीन्स, थोडक्यात पीएजी. गंमत म्हणजे ही आपल्या जठरातल्या पेप्सिनच्या कुळातली, पण बहुतेकांची पचवण्याची ताकद गेलेली. भरवल्यापासून साधारण 28 दिवसांनी ती रक्तात ओळखता येतात, पुढे दुधातही.

आता खरी मेख. पीएजी रक्तातून सावकाश जातं. गाय व्याल्यावर आधीच्या गाभणपणाचं पीएजी जवळपास दोन महिने रेंगाळतं. गर्भ पोटातच मेला तरी काही दिवस चाचणी 'हो' म्हणत राहते. म्हणजे 'हो'चा अर्थ 'वासरू जिवंत आहे' असा नाही, 'वार नुकतीपर्यंत काम करत होती' एवढाच. कुठल्याही बायोमार्करचा पेपर वाचताना मी आता आधी दोन गोष्टी शोधतो: कोणती पेशी हे बनवते, आणि ते नाहीसं व्हायला किती वेळ लागतो. दुसरी गोष्ट बरेच जण लिहीतच नाहीत, हा माझा राग आहे.

वारेच्या प्रोटीनचं औषधही होतं. बाईच्या गरोदरपणाची पट्टी जे एचसीजी ओळखते, तेच बीज सुटण्यासाठी इंजेक्शनमधून देतात. गायीत हा निरोप वेगळा असतो. पीएजीच्याही आधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, गर्भ इंटरफेरॉन टाऊ सोडतो. त्यामुळे माज परत आणणारी प्रोस्टाग्लँडिनची लाट थांबते आणि प्रोजेस्टेरॉन टिकतं. 1987 साली मेंढीतल्या या प्रोटीनची रचना उलगडली, तेव्हा कळलं की हे विषाणूंशी लढणाऱ्या इंटरफेरॉनांचं भावंड आहे. इंटरफेरॉनची औषधं घेतली की ताप, अंगदुखी येते. टाऊ मात्र प्रयोगशाळेत पेशींना कमी त्रास देताना दिसलं. म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत ते तोंडावाटे देऊनही पाहिलं गेलं. माणसांसाठी मान्य औषध त्यातून अजून झालेलं नाही. पेशींवर सौम्य असणं आणि रोग्याला गुण येणं यांत बरंच अंतर आहे.

या महिन्यात तीच गाय पुन्हा भरवली आहे. व्याल्याला 90 दिवस होऊन गेलेत, तेव्हा जुनं पीएजी आड येणार नाही. तिसाव्या दिवशी रक्त काढायचं ठरलंय. दादा म्हणतो, काढ बाबा, पण तीन महिन्यांनी हात घालून बघणारच.