मासेही घर बदलतात, बरं का!

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या नवघरमधली कोणतीही गृहिणी त्यात आणखी एक भर घालेल, ‘आणि घर पाहावं बदलून!’ भाड्यानं राहणाऱ्यांचा अकरा महिन्यांचा करार संपला की बाडबिस्तरा आवरायचा. स्वतःचं घर असलं तरी सुटका नाहीच. भाईंदर पूर्वेला ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या कितीतरी चार मजली इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. जुनं घर रिकामं करायचं, दोन-तीन वर्षं नायगाव-वसईकडे भाड्यानं काढायची आणि मग नव्या घरात परतायचं. म्हणजे एका घरासाठी दोनदा बांधाबांध!

या धावपळीत देवघर, लोणच्याच्या बरण्या, धान्याचे डबे, मुलांची दप्तरं सगळं आपण निगुतीनं बांधतो. आणि टेम्पो दारात उभा राहिल्यावर घरातलं कुणीतरी विचारतं, “अगं, पण माशांचं काय?” मुलांनी हट्टानं आणलेली ती काचेची टाकी चार महिन्यांत आईच्याच गळ्यात पडलेली असते. तेव्हा उत्तरही तिनंच द्यायचं असतं.

कुत्रा भुंकून, पोपट ओरडून आपली आठवण करून देतो. मासा बिचारा मुकाट्यानं मरतो. म्हणूनच त्याचा विचार आधी करायला हवा.

आमच्या महिला मंडळातल्या एका भगिनीच्या घरी सासऱ्यांनी मासे पाळले होते. सासूबाई गेल्यानंतर सकाळी माशांना दाणे घालणं हाच त्यांचा विरंगुळा. इमारत रिकामी करायची वेळ आली. मासे बादलीतून सुखरूप नव्या घरी पोचले. सुनेनं हौसेनं टाकी घासली, खडी धुतली, फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यातून काढून नळाखाली स्वच्छ केला, ताजं पाणी भरलं. टाकी अगदी आरशासारखी झाली! पहिले दोन दिवस सगळं ठीक होतं. चौथ्या दिवशी सकाळी म्हातारबुवा दाणे घालायला गेले तर चार मासे उलटे तरंगत होते. ते काही बोलले नाहीत. दाण्यांची डबी मात्र त्यांनी कपाटात ठेवून दिली.

काय चुकलं? प्रवासात काहीच नाही. चूक झाली ती अति स्वच्छतेची.

टाकीचं विरजण

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया पाण्यात मिसळत असतो. तो त्यांच्यासाठी विषच. पण जुन्या टाकीत स्पंजवर, खडीवर, काचेवर काही उपयोगी जिवाणू वाढलेले असतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी असं नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे टाकीचं विरजण आहे. विरजणाची वाटी घासून ठेवली तर उद्या दही कशाचं लावणार? नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं. ते या जिवाणूंनाही मारतं आणि माशांचे कल्लेही पोळतं. साबण तर दोघांचाही वैरी. तेव्हा, मैत्रिणींनो, घर बदलताना नुसते मासे न्यायचे नसतात, हे विरजणही न्यायचं असतं. एवढं एक लक्षात ठेवलं तरी अर्धी लढाई जिंकली.

आधीची तयारी

घर बदलण्याच्या आठवडाभर आधी नवे मासे आणू नका आणि टाकीची मोठी सफाई काढू नका. निघण्याच्या आधी एक दिवस मोठ्या माशांचं खाणं बंद ठेवा. निरोगी मासा एक-दोन दिवस सहज उपाशी राहतो. पोट रिकामं असलं की प्रवासात पाणी कमी घाण होतं. मत्स्यबीज केंद्रांतून शेततळ्यांसाठी पिल्लं पाठवतात तेव्हाही त्यांना आधी उपाशीच ठेवतात.

टाकी भरलेली उचलायची नाही, हे टेम्पोवाल्या मुलांना आधीच बजावा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे 56 लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 56 किलो! अर्धी रिकामी करून उचलली तरी सांधे ताणले जातात आणि नव्या घरात गळती सुरू होते. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करा, खाली थर्माकोल किंवा जुनी गोधडी घाला.

निम्मं तरी जुनं पाणी झाकणाच्या बादल्यांत किंवा कॅनमध्ये भरून घ्या. बादली फिनेलची किंवा कपडे धुण्याची नको. स्पंज न धुता, थोडी खडी आणि टाकीचंच पाणी घालून एका डब्यात ठेवा. डबा गच्च बंद करू नका, कारण या जिवाणूंनाही हवा लागते. आणि स्पंज वाळू देऊ नका.

पिशवी कशी भरायची?

जवळच जायचं असेल तर झाकणाची बादली उत्तम. झाकणाला चार भोकं पाडा. लांबच्या प्रवासाला मात्र माशांच्या दुकानातल्या जाड पिशव्या आणा. एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा, हे प्रमाण. आपल्याला वाटतं पाणी जास्त असलं तर मासा सुखात राहील. पण पिशवीत त्याला लागणारा प्राणवायू वरच्या हवेतूनच पाण्यात उतरतो. प्रवास बऱ्याच तासांचा असेल तर दुकानदाराकडून ऑक्सिजन भरून घ्या. फायटर आणि गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, त्यांना नुसत्या ऑक्सिजनऐवजी साधी हवाच बरी. फायटर एकेकटे ठेवा. गोल्डफिशला प्राणवायू जास्त लागतो, त्यांची पिशवीत गर्दी नको.

एका पिशवीत दुसरी पिशवी घाला, रबर लावा आणि सगळं थर्माकोलच्या डब्यात ठेवा. अंधारात मासे शांत राहतात आणि पाणी लवकर तापत नाही.

टेम्पोत नव्हे, आपल्या हातात

नवघरहून नायगावला जायचं तर लोकलनं खाडी ओलांडली की पुढचंच स्टेशन. सामानाचा टेम्पो मात्र काशिमीऱ्याहून वर्सोवा पुलाचा वळसा घेऊन जातो आणि महामार्गावर अडकला तर उन्हात तापत बसतो. म्हणून मासे टेम्पोत देऊच नका. घरातल्या एकानं डबा घेऊन सकाळी विरारकडे जाणारी लोकल धरावी. त्या वेळी गर्दी चर्चगेटकडे असते. उन्हाळ्यात तर दुपार टाळाच.

मासे जुन्या घरातून सगळ्यात शेवटी निघावेत आणि नव्या घरात टाकी सगळ्यात आधी लागावी.

नव्या घरी

आधी स्पंज आणि खडी जागेवर ठेवा, जुनं पाणी ओता, मग नवं पाणी घाला. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवा किंवा त्यात दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब घाला. खाडीकाठच्या बोअरचं मचूळ पाणी एकदम भरू नका.

पिशवी न उघडता 15-20 मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे दोन्हीकडचं पाणी सारखं कोमट-गार होईल. बादलीतून आणले असतील तर टाकीतलं पाणी थोडं थोडं बादलीत घाला. मग मासे जाळीनं अलगद उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, त्यात प्रवासातला अमोनिया असतो. लांबच्या प्रवासाहून आणलेली पिशवी उघडल्यावर उघडी ठेवून रेंगाळू नका. उघडताच आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाण्यातल्या अमोनियाचा विषारीपणा वाढतो.

त्या दिवशी दिवा बंद ठेवा, खाणं दुसऱ्या दिवशी चिमूटभरच. पहिले दोन आठवडे कमी खाऊ घाला आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडंसं पाणी बदला. मासे वर येऊन धापा टाकू लागले तर एक चतुर्थांश पाणी लगेच बदला.

आणखी एक. नव्या घराला रंगाचा वास असतो, झुरळांसाठी फवारणी होते, वास्तुशांतीचा धूर होतो. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो! फवारणी आणि रंगकाम मासे येण्याआधीच उरका, खिडक्या उघड्या ठेवा. वास्तुशांतीच्या दिवशी टाकी धुरापासून दूरच्या खोलीत असू द्या.

नेणं जमतच नसेल तर?

मग शेजारी, शाळा किंवा दुकानदार यांना विचारा. पण ‘जीवदान’ म्हणून तलावात, विहिरीत सोडू नका. काच साफ करायला आणलेला सकर मासा हातभर वाढतो. उजनी जलाशयात तो मच्छीमारांची जाळी फाडतो, ही तक्रार वर्तमानपत्रांत येऊन गेली आहे. आपलं पुण्य दुसऱ्याच्या पोटावर यायला नको.

तेव्हा घर बदलताना सामानाची यादी कराल, तेव्हा फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्याही वर मासे लिहा. डबा धरायचं काम घरातल्या लहानग्याकडे किंवा आजोबांकडे द्या. ते तो जिवापाड जपतील. आणि तो स्पंज, कितीही मळकट दिसला तरी, धुवायचा मोह आवरा!