बाळाची पहिली आंघोळ: एक दिवस थांबा!

बाळ जन्मलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "अगं, आधी न्हाऊ घाला, अंग किती माखलंय!" कृपा करून थांबा. जन्मानंतर किमान २४ तास आंघोळ नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रीतीरिवाजामुळे अगदीच शक्य नसेल, तर निदान ६ तास तरी.

कारण आहे गारठा. पोटात बाळ ३७ अंशांच्या आसपास उबेत असतं. बाहेर आल्यावर ओल्या अंगातून ऊब भराभर निघून जाते, आणि मोठ्यांसारखं कुडकुडून ती भरून काढणं त्याला जमत नाही. अंग गार पडलं की दूध ओढणं मंदावतं, रक्तातली साखर उतरू शकते. म्हणून आधी मऊ कापडाने कोरडं करा, टोपडं घाला आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवा.

आणि तो पांढरा, लोण्यासारखा थर? तो मळ नाही हो! व्हर्निक्स म्हणतात त्याला. त्वचा मऊ ठेवतो, जंतूंना अडवतो. रक्त पुसा, हा थर घासू नका, आपोआप जिरतो.

नाळ गळेपर्यंत नुसतं अंग पुसून घेणं मला सर्वांत बरं वाटतं. नाळेवर हळद, तेल, राख काहीही नको. बाळ अडीच किलोपेक्षा कमी असेल किंवा आईला काही संसर्ग असेल, तर डॉक्टर सांगतील तसंच करा.

मालिशवाल्या मावशींना पायांवर घेऊन न्हाऊ घालू द्या की, पण नंतर! फक्त धुरी नको, नाका-कानात तेलही नको. शंका असेल तर घरी येणाऱ्या आशाताईंना विचारा.