गादीआधी ऊन बघा

गादीच्या दुकानात हल्ली ‘किती इंची?’ आणि ‘केवढ्याला?’ यांच्या जोडीला ‘नॅचरल आहे का?’ हा तिसरा प्रश्न ऐकू येतो. नारळ, रबराचं झाड, कापसाचं बोंड अशी चित्रं वेष्टनावर आली की किंमत चढते. पण तुमच्या घरी ऊन कुठे आणि किती वेळ येतं, हे दुकानदार विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. माझ्या मते गादीची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

खरा प्रश्न ओलीचा आहे. झोपेत अंगातून रात्रभर वाफ आणि घाम बाहेर पडतो आणि अंथरुणात जिरतो. हाताला कोरडा लागणारा कापूसही हवेतली ओल शोषून स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून असतो. लोकर त्याच्या दुप्पट धरते, पॉलिएस्टर मात्र अर्धा टक्काही नाही. मे महिन्यात पॉलिएस्टरची चादर अंगाला चिकटते आणि सुती चिकटत नाही ती यामुळेच. पण शोषलेली ओल बाहेरही पडली पाहिजे, आणि त्यासाठीच ऊन लागतं. ती आत राहिली की कुबट वास येतो, बुरशी धरते आणि डस्ट माइट नावाच्या सूक्ष्म जिवांचं फावतं. घरातल्या धुळीच्या अ‍ॅलर्जीमागे हे माइट असतात, हे फोरहोर्स्ट, स्पिक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये हॉलंडमध्ये दाखवून दिलं. आपल्या कातडीचा झडलेला कोंडा हे त्यांचं अन्न. पाणी ते पीत नाहीत, हवेतली ओल ओढून घेतात. त्यामुळे हवा बराच काळ कोरडी राहिली तर ते मरतात. मुंबईत किंवा रत्नागिरीत पावसाळाभर आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे त्यांची चंगळच. गादी कापसाची की फोमची, हे ते पाहत नाहीत. तेव्हा ‘नैसर्गिक, म्हणून अ‍ॅलर्जीमुक्त’ या दाव्यावर विसंबू नका.

कापसाच्या गादीची खरी थोरवी वेगळीच आहे. ती उसवता येते. एकेरी गादीत दहा-बारा किलो कापूस असतो. दोन-चार वर्षांत तो बसतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि पाठीखाली खड्डा पडतो. पूर्वी अशा वेळी पिंजारी दारात यायचा. पिंजणाची तात थरथरवत तो कापूस मोकळा करायचा, धूळ झाडायचा, पुन्हा खोळीत भरून जागोजागी टाके घालायचा. पिंजारी, नदाफ, मन्सुरी या नावांनी ओळखले जाणारे हे कारागीर आता दारावर क्वचितच येतात, पण गावोगावच्या ‘गादी कारखान्यां’त यंत्रावर तेच काम होतं. फोमच्या गादीला अशी दुसरी कारकीर्द नसते. खचली की ती जाते कचऱ्यात, आणि कचरा नेणाराही तिच्याकडे पाहून कपाळाला हात लावतो.

मात्र गादीतला सगळाच कापूस एका तोलामोलाचा नसतो. गादीला लांब धाग्याचा महागडा कापूस लागत नाही; आखूड, जाड, जरा राठ धाग्याचा कापूस उलट चांगला, कारण तो दबून पुन्हा फुलतो. स्वस्त गादीत बऱ्याचदा कापडाच्या चिंध्या पिंजून भरलेल्या असतात, त्यात पॉलिएस्टरही आलंच. भरण्याआधी माल डोळ्यांनी पाहावा. त्यात रंगीत धागे दिसले तर त्या चिंध्याच समजाव्यात. आणि कापूस पिंजताना भयंकर धूळ उडते, तेव्हा घरातल्या दमेकऱ्याला तिथून लांब ठेवावं.

उशीसाठी सावरीच्या कापसाला तोड नाही. त्याचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट, म्हणून हलका आणि पाण्याला दाद न देणारा. एके काळी बोटींवरच्या लाइफ जॅकेटमध्ये तोच भरत. आपल्या रानातली काटेसावर फाल्गुनात लाल फुलते आणि उन्हाळ्यात तिची बोंडं उकलतात. बाजारात ‘शेवरी’ म्हणून मिळणारा कापूस मात्र बहुधा पांढऱ्या सावरीचा असतो. तमिळनाडूत थेनीकडे तिची लागवड आहे. ही उशी धुवायची नसते. तिला ऊन दाखवायचं.

ज्यांच्या घरी ऊनच येत नाही, त्यांनी काय करावं? दहाव्या मजल्यावर, ग्रिलच्या खिडकीशी बारा किलोंची गादी कोण आणि कुठे वाळवणार? अशा घरात काथ्या किंवा लेटेक्स बरा. काथ्यात लिग्निन भरपूर असल्यामुळे तो सहजासहजी कुजत नाही, आणि तंतूंमधून हवा खेळती राहते. बाजारातली काथ्याची गादी म्हणजे बहुतेक वेळा रबराच्या चिकाने बांधलेला काथ्या असतो. ती कडक लागते. लेटेक्स लवचिक आणि टिकाऊ, पण वजनदार आणि महाग. त्यातही भेसळ चालते: नैसर्गिक चिकात कृत्रिम रबर मिसळलेलं असतं. म्हणून नैसर्गिक रबर किती टक्के आहे, हे बिलावर लिहून घ्यावं. रबराची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने लेटेक्सच्या वाटेला जाऊच नये.

फोमला मी विष म्हणणार नाही. नव्या फोमचा उग्र वास काही दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या की बराचसा जातो. मेमरी फोमची मूळ कल्पना तर १९६६ मध्ये नासासाठी, विमानातल्या आसनांकरता पुढे आली. आपल्या उन्हाळ्यात तो उष्णता धरून ठेवतो, ही त्याची अडचण.

‘पाठ दुखते म्हणून कडक गादी’ हा समजही तपासून घ्यायला हवा. स्पेनमधल्या ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांवरचा अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला.

पांघरुणांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. जुन्या नऊवारीची गोधडी मऊ, धुण्याजोगी, आणि फाटली तरी तिच्यावर ठिगळ लागतं. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी टोचते खरी, पण खाली अंथरली तर जमिनीची ओल वर येऊ देत नाही. फक्त तान्ह्या बाळाच्या अंथरुणात ना मऊ गादी, ना उशी. मोहरीची उशीसुद्धा नको. कापूस असो वा फोम, श्वास कोंडण्याचा धोका सारखाच.

घरात कुणाला धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला साठ अंश गरम पाण्यात धुवावेत आणि गादीला घट्ट विणीची, चेन लावलेली खोळ घालावी. आणि कापसाची गादी असेल तर ती वैशाखातच पिंजून घ्या. एकदा पाऊस लागला की भिजट हवेत कापूस नीट फुलत नाही आणि भरलेली गादी वाळवायला ऊनही मिळत नाही.